कंडम, लिलाव, पासिंग : लष्करी ट्रकच्या नागरी नोंदणीचा कागदोपत्री इतिहास

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील ‘नमुना २०’ हा वाहननोंदणीचा अर्ज होय. अर्जदाराचे नाव, वडिलांचे अथवा पतीचे नाव, वय, पत्ता इत्यादी तपशील भरल्यानंतर या अर्जात वाहनाविषयी एक प्रश्न विचारलेला आहे. वाहन नवे आहे, माजी लष्करी आहे, की आयात केलेले आहे? उत्तर या तिघांपैकी एकच असू शकते. नागरी नोंदवहीत प्रथमच प्रवेश करणाऱ्या वाहनाला कायद्याने अशी तीनच दारे ठेवली आहेत. कारखान्यातून आलेले आणि परदेशातून आलेले वाहन या नोंदवहीत प्रथम येते, हे सहज समजण्यासारखे आहे. मधले दार मात्र विचार करायला लावणारे आहे. दहा-पंधरा वर्षे याच देशाच्या रस्त्यांवर, याच देशाच्या सरकारी मालकीत धावलेला ट्रक नवजात मानला जातो आणि तरीही त्याच्या पूर्वायुष्याचा पुरावा मागितला जातो.

या दोन मागण्यांतील ताण हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे. लष्कराने टाकून दिलेला ट्रक खासगी मालकीत येतो, तेव्हा लोखंडापेक्षा कागदाचे स्थित्यंतर अधिक महत्त्वाचे ठरते. या स्थित्यंतराचे तीन टप्पे मराठी बोलीने तीन शब्दांत पकडले आहेत : कंडम, लिलाव आणि पासिंग. तिन्ही शब्द परभाषांतून आलेले आहेत आणि तिन्ही रस्त्यावर, गॅरेजात व बाजारात रुळलेले आहेत. कायद्याच्या कागदांनी ट्रकच्या आयुष्याचा जो भाग पुसून टाकला, त्याची खूण या शब्दांनी जपली आहे.

१. युद्धाचा माल

भारतातील मोटार वाहनांविषयीचा पहिला अखिल भारतीय कायदा १९१४ सालचा आणि त्याची जागा घेणारा दुसरा १९३९ सालचा. दोन्ही वर्षी महायुद्धे सुरू झाली, हा निव्वळ योगायोग होय. परंतु परिणामांच्या दृष्टीने तो नोंद घेण्याजोगा आहे. १९३९चा कायदा अमलात येऊन स्थिर होण्याच्या आधीच देशात लष्करी वाहनांचा पूर आला. कॅनडात बांधलेले फोर्ड व शेव्हर्ले बनावटीचे लष्करी ट्रक, अमेरिकन जीएमसी ट्रक आणि विलिस व फोर्ड कंपन्यांच्या जीप या काळात भारतात उतरल्या. आसामातील लेडो येथून ब्रह्मदेशमार्गे चीनकडे जाणारा रस्ता १९४५च्या आरंभी वाहतुकीस खुला झाला. त्या रस्त्यासाठी जमवलेली वाहने युद्ध संपताच मालकाला नकोशी झाली. ती परत नेणे परवडणारे नव्हते.

१६ मे १९४६ रोजी अमेरिका व तत्कालीन भारत सरकार यांच्यात युद्धकालीन देण्याघेण्याचा करार झाला, आणि त्यात भारतात उरलेल्या अमेरिकन युद्धसामग्रीचाही निकाल लागला. ही सामग्री विकण्याचे काम सरकारच्या ‘डिस्पोजल’ खात्याकडे होते. इंग्रजीत विल्हेवाटीची क्रिया दाखवणारा हा शब्द मराठीत वस्तूचे विशेषण बनला. ‘डिस्पोजलचा कोट’, ‘डिस्पोजलचे बूट’, ‘डिस्पोजलची गाडी’ अशा प्रयोगांत तो मालाचे मूळ, त्याची स्वस्ताई आणि त्याचा टिकाऊपणा हे तिन्ही एकदम सांगतो. वस्तू टाकून दिलेली आहे, पण टाकाऊ नाही, हा अर्थ येथे घडलेला दिसतो.

स्वातंत्र्यानंतर हा माल परदेशी राहिला नाही. १९५९ सालापासून जबलपूर येथे जर्मन परवान्यावर ‘शक्तिमान’ ट्रक तयार होऊ लागला. एम, ए, एन ही त्या जर्मन कंपनीची आद्याक्षरे. एका संस्कृत विशेषणाच्या शेवटच्या अक्षरांत ती बेमालूम सामावली गेली. १९६९मध्ये तेथेच स्वतंत्र वाहन कारखाना उभा राहिला आणि निस्सान पेट्रोलवर आधारित ‘जोंगा’ हे वाहन निघू लागले. जोंगा हा शब्द ऐकायला देशी वाटतो, परंतु जबलपूरच्या आयुध व तोफगाडी कारखान्यांच्या इंग्रजी नावांतील आद्याक्षरांपासून तो बनला आहे. शक्तिमानचे उत्पादन १९९६मध्ये आणि जोंगाचे १९९९मध्ये थांबले. ही वाहने मुख्यतः लष्करासाठीच तयार होत. सामान्य माणसाला दुकानात जाऊन शक्तिमान विकत घेता येत नसे. त्यामुळे खासगी मालकीतील बहुतेक प्रत्येक शक्तिमान किंवा जोंगा हा लष्कराच्या दारातून बाहेर पडलेला असतो.

२. कंडम

‘कंडम’ हा शब्द इंग्रजीतील दोषी ठरवण्याच्या क्रियापदावरून आला. न्यायालयात माणसाला शिक्षा फर्मावणे हा त्याचा एक अर्थ, आणि सरकारी मालमत्ता वापरास अयोग्य ठरवणे हा दुसरा. रेल्वे, सार्वजनिक बांधकाम खाते आणि लष्कर या तिन्ही ठिकाणी तो दुसऱ्या अर्थाने वापरात होता. मराठीने शिक्षेचा अर्थ सोडला आणि झिजण्याचा अर्थ घेतला. ‘गाडी कंडम झाली’ असे म्हणताना ती कोणी तरी कंडम ठरवली, हे मराठी वक्त्याच्या मनात नसते. मूळ क्रियापदातील निर्णय घेणारी सत्ता मराठी वाक्यरचनेतून निघून गेली आणि गाडी जणू आपल्या आपण कंडम होऊ लागली.

लष्करी व्यवहारात मात्र हा निर्णय कागदावरच होतो. वाहन मोडले म्हणून ते कंडम ठरत नाही. दुरुस्तीचा खर्च त्याच्या उपयोगापेक्षा अधिक होईल, असा निर्णय अधिकाऱ्यांच्या मंडळाने दिल्यानंतर ते कंडम ठरते. १९४३मध्ये स्थापन झालेला विद्युत व यांत्रिक अभियंता विभाग लष्करी वाहनांची दुरुस्ती व तांत्रिक तपासणी पाहतो, तर आयुध विभाग त्यांचा साठा सांभाळतो. एक विभाग निकामीपणाचे मत देतो, दुसरा ते वाहन विल्हेवाटीच्या यादीत घालतो. म्हणजे ‘कंडम’ हा यंत्राच्या स्थितीचा शब्द नसून जमाखर्चाचा शब्द आहे. याच कारणामुळे कंडम ठरलेला ट्रक पुढे वीस वर्षे एखाद्या डोंगराळ भागात लाकूड वाहू शकतो. लष्कराच्या हिशेबात जो ट्रक महाग पडतो, तो स्वतःच्या हाताने दुरुस्ती करणाऱ्या मालकाच्या हिशेबात स्वस्त असू शकतो.

ब्रिटिश लष्कराच्या परिभाषेत सेवेतून काढलेल्या वाहनाला ‘कास्ट’ म्हणत. हा शब्द घोडदळातून आला. वृद्ध अथवा जायबंदी घोडा पलटणीच्या पटावरून कमी करून विकला जाई, तेव्हा त्याला हेच विशेषण लागे. घोड्याची जागा ट्रकने घेतली, पण शब्द तोच राहिला. इंग्रजीत प्राण्यावरून यंत्रावर आलेला शब्द आणि मराठीत न्यायनिवाड्यावरून झिजेवर आलेला शब्द, अशा दोन वेगळ्या वाटांनी दोन्ही भाषा एकाच व्यवहाराला नाव देतात.

३. लिलाव

‘लिलाव’ हा शब्द पोर्तुगीज ‘लेइलांव’वरून मराठीत आला. हिंदी व बंगालीतील ‘नीलाम’, मल्याळममधील ‘लेलम्’ ही याच घराण्यातील रूपे होत. इंग्रजी राजवटीने महसुलाची, जप्तीची आणि लष्करी साठ्याची विक्री आपल्या कायद्याने चालवली. तरी त्या विक्रीसाठी देशी भाषांनी वापरलेला शब्द किनाऱ्यावरील आधीच्या व्यापाराचाच राहिला. सरकारी सूचनांच्या मराठीतही ‘जाहीर लिलाव’ हाच प्रयोग रूढ आहे.

लष्करी वाहनांचा लिलाव ‘जसे आहे, जेथे आहे’ या तत्त्वावर होतो. या चार शब्दांत विक्रेता दोन जबाबदाऱ्या एकाच वेळी नाकारतो. वाहन चालेल याची हमी नाही आणि ते खरेदीदाराच्या दारापर्यंत पोचेल याचीही नाही. देहूरोड, खडकी, दिल्ली छावणी, पानागढ अशा ठिकाणच्या लष्करी भांडारांशी या व्यापाराची भूगोलरेषा जोडलेली आहे. पश्चिम बंगालमधील पानागढ हे त्याचे ठळक उदाहरण. दुसऱ्या महायुद्धात तेथे अमेरिकन विमानतळ होता, पुढे लष्करी तळ आला, आणि ग्रँड ट्रंक रस्त्याच्या कडेने जुन्या वाहनांचा व त्यांच्या सुट्या भागांचा बाजार उभा राहिला. सरकारी खरेदी-विक्रीचे काम करणारे केंद्राचे पुरवठा व विल्हेवाट महासंचालनालय ऑक्टोबर २०१७मध्ये बंद झाले. १९६४मध्ये स्थापन झालेल्या एमएसटीसी या सरकारी कंपनीमार्फत होणाऱ्या संगणकीय लिलावांनी आता जुन्या बोलीची जागा घेतली आहे. आवाज चढवणारा लिलावदार गेला, ‘जसे आहे, जेथे आहे’ ही अट राहिली.

खरेदीदाराच्या दृष्टीने लिलावातील खरा भेद वेगळाच आहे. काही वाहने वाहन म्हणून विकली जातात, काही भंगार म्हणून. दोहोंचे लोखंड सारखे असू शकते, दोहोंचे इंजिन सुरू होऊ शकते. फरक एवढाच की, पहिल्या प्रकारात लष्करी अधिकारी ‘नमुना २१’ या विक्री प्रमाणपत्रावर सही करतो आणि दुसऱ्या प्रकारात करीत नाही. १९८९च्या नियमांतील नियम ४७ने माजी लष्करी वाहनाच्या नोंदणीसाठी हे मूळ प्रमाणपत्र आवश्यक ठरवले. त्यामुळे प्रमाणपत्राविना घेतलेला ट्रक कितीही धडधाकट असला, तरी रस्त्याच्या दृष्टीने तो सुट्या भागांचा ढीग ठरतो. ज्याने उसनवारी करून अनामत भरली आणि पुढे कागद मिळाला नाही, त्याची रक्कम लोखंडाच्या वजनाइतकीच उरते. या धंद्यात ‘गाडी चांगली आहे का’ याच्याही आधी ‘कागद आहेत का’ हा प्रश्न विचारला जातो, तो यासाठीच. कागदाला इतके मोल आले म्हणजे बनावट कागद निर्माण होण्याचा मोहही आलाच. नोंदणी प्राधिकारी अशा अर्जाकडे अधिक संशयाने पाहतो, याचे कारण येथे आहे.

‘नमुना २१’ची रचना वाचण्यासारखी आहे. हे प्रमाणपत्र निर्मात्याने, विक्रेत्याने अथवा लष्करी लिलावातील वाहनांच्या बाबतीत संरक्षण खात्याच्या अधिकाऱ्याने द्यावयाचे आहे, असे त्याच्या शीर्षभागीच कंसात म्हटले आहे. म्हणजे नव्या मोटारीचा दुकानदार आणि जुना ट्रक काढून टाकणारा अधिकारी एकाच फॉर्मवर सही करतात. पुढील रकाने वाहनाचा वर्ग, निर्मात्याचे नाव, चॅसिस क्रमांक, इंजिन क्रमांक, इंधन, सिलिंडरांची संख्या, निर्मितीचा महिना व वर्ष, आसनसंख्या, वजन, रंग यांचे आहेत. वाहन किती किलोमीटर धावले, कोणत्या पलटणीत होते, कोणत्या प्रदेशात होते, ते का काढून टाकले, यांपैकी एकाही प्रश्नाला त्यात जागा नाही. विक्री प्रमाणपत्र हे चरित्र नाही. ते चरित्राच्या पहिल्या पानावरील जन्मतपशील आहे, आणि मधली सारी पाने काढून घेतलेली आहेत.

४. पासिंग

इंग्रजीत परीक्षा उत्तीर्ण होण्याचा जो अर्थ, तोच ‘पासिंग’ या शब्दात आहे. मात्र मराठीत त्याचा विस्तार झाला. ‘गाडी पासिंगला नेली’ म्हणजे परिवहन कार्यालयात तपासणीसाठी नेली, आणि ‘एमएच बारा पासिंगची गाडी’ म्हणजे पुण्यात नोंदलेली गाडी. दुसऱ्या प्रयोगात पासिंग हे वाहनाचे गाव झाले आहे. माजी लष्करी ट्रकला हे गाव प्रथमच मिळते, कारण लष्करी क्रमांकाला गाव नसते. वर टोक केलेला बाण, वर्षाचे दोन अंक, वर्गाचे अक्षर आणि अनुक्रमांक अशी त्या क्रमांकाची घडण असते. तो बाण ब्रिटिश राजसत्तेच्या मालमत्तेवरील जुन्या खुणेचा वारसा आहे. या क्रमांकावरून ट्रक कोणत्या वर्षीचा आहे ते कळते, कोणत्या जिल्ह्यातला आहे ते कळत नाही.

मोटार वाहन कायदा, १९८८ याचे कलम ६० या दुहेरी व्यवस्थेचा पाया आहे. देशाच्या संरक्षणाशी संबंधित कामासाठी वापरल्या जाणाऱ्या व कोणत्याही व्यापारी उपक्रमाशी संबंध नसलेल्या केंद्र सरकारच्या वाहनांची नोंदणी केंद्राने नेमलेला प्राधिकारी करतो, आणि अशा वाहनाला राज्याच्या नोंदणीची गरज राहत नाही. परंतु वाहन केंद्राच्या मालकीतून अथवा पूर्ण नियंत्रणातून जाताच सर्वसाधारण नोंदणीची कलमे ३९ व ४० त्याला लागू होतात. येथे संक्रमणकाळ ठेवलेला नाही. भांडाराच्या फाटकाच्या आत ज्या ट्रकला क्रमांक होता, तो फाटकाबाहेर बिनक्रमांकाचा होतो. तात्पुरती नोंदणी मिळेपर्यंत तो स्वतःच्या चाकांवर रस्त्यावर येऊ शकत नाही. त्याला दुसऱ्या वाहनामागे बांधून अथवा दुसऱ्या वाहनावर लादून न्यावे लागते.

त्यानंतर एकेक करून त्याच्या सरकारीपणाच्या खुणा उतरवल्या जातात. पहिली खूण रंगाची. १९८९च्या नियमांतील नियम १२१ प्रमाणे संरक्षण खात्याखेरीज अन्य वाहनाला ऑलिव्ह हिरवा रंग देण्यास मनाई आहे. त्यामुळे पासिंगपूर्वी ट्रक रंगाऱ्याकडे जातो. दुसरी खूण विम्याची. केंद्र सरकारच्या अव्यापारी वाहनांना त्रयस्थ-जोखीम विम्याच्या सक्तीतून कलम १४६ने सूट दिली आहे, कारण त्यांच्यामागे खुद्द राज्यसंस्था उभी असते. सरकारी वाहनाने केलेल्या अपघाताची जबाबदारी सरकारवर कितपत येते, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे १९६२मध्ये विद्यावती खटल्यात आला, आणि त्यात सरकारी जीपमुळे झालेल्या मृत्यूची भरपाई देण्यास राजस्थान सरकार बांधील ठरले. खासगी मालकाच्या ट्रकमागे राज्यसंस्था नसते. त्याला विमापत्र घ्यावेच लागते. तिसरी खूण बांधणीची. कलम ५२ प्रमाणे निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलांपासून वाहन भिन्न ठरेल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा काटेकोर अर्थ लावला. त्यामुळे लष्करी बांधणीचा ट्रक हवा तसा कापून-जोडून नागरी बनवण्याची पूर्वीची मोकळीक आता उरलेली नाही. माल वाहण्यासाठी तो वापरायचा असेल, तर योग्यता प्रमाणपत्र आणि परवाना हे पुढचे टप्पे आहेतच.

प्रत्यक्ष तपासणीत चॅसिसवर कोरलेल्या क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिल घासली जाते आणि तो ठसा अर्जाला जोडला जातो. विक्री प्रमाणपत्रातील क्रमांक आणि लोखंडावरील क्रमांक एकच आहे, याचा हा पुरावा. २०१९च्या दुरुस्तीनंतर अधिकृत विक्रेत्याकडून घेतलेले नवे वाहन नोंदणीसाठी प्रत्यक्ष हजर करण्याची गरज उरली नाही. माजी लष्करी वाहन या सवलतीत बसत नाही. कायद्याने दोघांना एकाच अर्जावर नवजात मानले, पण एकाच्या जन्माविषयी कागदाची साक्ष पुरते आणि दुसऱ्याला देह दाखवावा लागतो.

या सर्वांतून जे नोंदणी प्रमाणपत्र मिळते, त्यात लष्कराचा उल्लेख ठळकपणे कोठेही उरत नाही. उरतात त्या दोन तारखा. एक निर्मितीचा महिना व वर्ष आणि दुसरी नोंदणीची तारीख. नव्या वाहनाच्या प्रमाणपत्रात या दोहोंत काही आठवड्यांचे वा महिन्यांचे अंतर असते. माजी लष्करी ट्रकच्या प्रमाणपत्रात दहा, पंधरा, क्वचित वीस वर्षांचे अंतर असते. त्याची सारी सैनिकी सेवा या न लिहिलेल्या अंतरात सामावलेली आहे. खासगी वापराच्या वाहनाचे नोंदणी प्रमाणपत्र कलम ४१ प्रमाणे दिल्यापासून पंधरा वर्षे वैध असते, म्हणजे कायदा त्याचे वय दुसऱ्या जन्मापासून मोजू लागतो.

येथे माणसाशी तुलना उद्बोधक ठरते. निवृत्त सैनिकाला ‘माजी सैनिक’ म्हणतात आणि ट्रकलाही अर्जात तेच उपपद लागते. परंतु सैनिकाचे माजीपण समाजात त्याची ओळख बनते. सातारा जिल्ह्यातील गावांत निवृत्त सुभेदाराला अखेरपर्यंत सुभेदारच म्हणतात. अपशिंगे या गावाच्या नावापुढे तर ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा जोडला गेला आहे. ट्रकला मात्र क्रमांक, रंग आणि इतिहास टाकल्याखेरीज रस्ता मिळत नाही. कागदाने नाकारलेली ही ओळख लोकभाषा परत देते. रंग बदलला, पाटी बदलली, तरी गॅरेजात तो ‘मिलिटरीचा ट्रक’च राहतो.

५. तीन देश, तीन कथनरीती

हाच व्यवहार अन्य देश कसा लिहून ठेवतात, हे पाहिल्यास भारतीय कागदाचे वैशिष्ट्य स्पष्ट होते. अमेरिकेत संघराज्य सरकार आपले वाहन विकताना ‘एसएफ ९७’ नावाचे प्रमाणपत्र देते आणि त्याच्या आधारे खरेदीदार आपल्या राज्याकडे मालकीपत्र मागतो. २०१४च्या अखेरीस ‘हमव्ही’ या लष्करी वाहनांचे जाहीर लिलाव तेथे सुरू झाले, तेव्हा या प्रमाणपत्रावर वाहन रस्त्याबाहेरील वापरासाठीच असल्याचा शेरा आला. काही राज्यांनी तरीही नोंदणी दिली, काहींनी नाकारली. म्हणजे अमेरिकन कागद वाहनाच्या भूतकाळाविषयी मौन पाळत नाही, तर त्याच्या भविष्यावर मर्यादा घालतो.

ब्रिटनमध्ये सेवेतून काढलेल्या वाहनाच्या निर्मितीवर्षाचा पुरावा असेल, तर त्याला त्या वयाशी सुसंगत क्रमांक मिळतो. वय अथवा ओळख सिद्ध होत नसेल, तर १९८३पासून ‘क्यू’ या अक्षराने सुरू होणारा क्रमांक दिला जातो. हे अक्षर पाटीवर असल्यामुळे रस्त्यावरील कोणीही ते वाचू शकतो. ब्रिटिश नोंदवही अज्ञानाची कबुली उघडपणे देते. भारतीय नोंदवही मर्यादा घालत नाही आणि कबुलीही देत नाही. ती वाहनाला इतरांसारखाच क्रमांक देते आणि भूतकाळ दोन तारखांच्या मध्ये ठेवते. फिलिपिन्समध्ये युद्धोत्तर जीपांपासून ‘जीपनी’ हे सार्वजनिक वाहन जन्मले. त्याच्या नावातच युद्धसामग्रीची स्मृती उरली आणि रंगीबेरंगी सजावटीने लष्करी रूप झाकले गेले. रंग बदलण्याची जी सक्ती भारतात नियमाने येते, ती तेथे लोककलेने स्वेच्छेने पार पाडली, असे म्हणता येईल.

भारतीय साहित्यात वाहन आणि राज्यसंस्था यांच्या संबंधाचे चित्रण तुरळक असले, तरी अर्थपूर्ण आहे. श्रीलाल शुक्ल यांच्या ‘राग दरबारी’ (१९६८) या हिंदी कादंबरीचा आरंभ शहराच्या कडेला उभ्या असलेल्या एका ट्रकने होतो. तो रस्त्याच्या मध्ये आहे की कडेला, हे पाहणाऱ्याच्या जागेवर अवलंबून राहते. वाहनाचे सत्य त्याच्या लोखंडात नसून त्याच्याविषयी काय नोंदवता येते यात असते, हे त्या आरंभातून सूचित होते. सुबोध घोष यांच्या ‘अजांत्रिक’ या बंगाली कथेत व तीवरील ऋत्विक घटक यांच्या १९५८च्या चित्रपटात जुन्या टॅक्सीला तिच्या चालकाने माणूस मानले आहे, आणि चित्रपटाच्या शेवटी ती भंगारवाल्याकडे जाते. चालकाच्या प्रेमाला नोंदवहीत स्थान नाही. या दोन कृती एकत्र वाचल्या असता वाहनाचे आयुष्य लिहिण्याच्या दोन टोकांच्या रीती समोर येतात, एक दप्तराची आणि दुसरी सहवासाची. माजी लष्करी ट्रकचा मालक या दोहोंच्या मध्ये उभा असतो. त्याला सहवास सुरू करण्याआधी दप्तर जिंकावे लागते.

६. अरुंद होत जाणारे दार

गेल्या काही वर्षांत हे मधले दार अरुंद होत चालले आहे. सप्टेंबर २०२१मध्ये वाहन मोडीत काढणाऱ्या नोंदणीकृत केंद्रांविषयीचे नियम आले. जानेवारी २०२३च्या अधिसूचनेने सरकारी मालकीच्या वाहनांची नोंदणी पंधरा वर्षांनंतर संपुष्टात येईल आणि त्यांची विल्हेवाट अशा केंद्रांतूनच लावावी लागेल, असे ठरवले. ही तरतूद १ एप्रिल २०२३पासून लागू झाली. देशाच्या संरक्षणाच्या प्रत्यक्ष कारवाईसाठी वापरली जाणारी चिलखती व अन्य विशेष वाहने तिच्यातून वगळली आहेत. या अपवादाबाहेर राहणाऱ्या जुन्या सरकारी वाहनाला कंडम ठरल्यानंतर पासिंगकडे जाणारा रस्ता उरत नाही. ते थेट मोडीत जाते आणि त्याबद्दल ‘वाहन मोडीत काढल्याचे प्रमाणपत्र’ मिळते.

या बदलामागील कारणे दुर्लक्षिण्याजोगी नाहीत. जुन्या डिझेल इंजिनांचा धूर, सुरक्षेच्या आधुनिक निकषांचा अभाव आणि बनावट कागदांचा धोका ही ती कारणे होत. परंतु त्याचबरोबर एका विशिष्ट आर्थिक शहाणपणाचा अंतही येथे घडतो आहे. सरकारच्या हिशेबात संपलेली वस्तू गरिबाच्या हिशेबात सुरू होऊ शकते, हे ते शहाणपण होते. ज्याला नवा ट्रक परवडत नव्हता, त्याला हे दार धंद्यात उतरण्याचे दार होते. मोडीच्या केंद्रात ट्रकच्या लोखंडाची किंमत होते. तो अजून धावू शकतो, याची किंमत तेथे कोणी करीत नाही.

संग्राहकांच्या दृष्टीने आज शक्तिमान व जोंगा ही वारसावाहने बनली आहेत. ज्यांची नोंदणी वेळेवर झाली, त्यांचे कागद जपले जात आहेत, आणि त्या कागदांचे वाचन हा पुढील अभ्यासाचा विषय होऊ शकतो. पहिल्या महायुद्धाच्या वर्षी सुरू झालेल्या भारतीय वाहननोंदवहीत युद्धाची स्मृती कोठे आहे, असे विचारले तर उत्तर कोणत्याही रकान्यात सापडणार नाही. ते निर्मितीवर्ष आणि नोंदणीची तारीख यांतील अंतरात शोधावे लागेल. त्या अंतराला भाषेत नाव आहे ते केवळ बाजाराने दिलेल्या तीन शब्दांमुळे. लष्करी ट्रकपुरता यांतील तिसरा शब्द वापरातून जाऊ लागला आहे. उरलेल्या दोघांचा अर्थ त्यामुळे कसा बदलतो, हे येत्या काळातील मराठी सांगेल.